ज्यू शिवणकामगारांचे सचित्र कुलवृत्तांत (न्यूयॉर्क)

१८८१ ते १९२४ या काळात रशियन साम्राज्य, गॅलिशिया (ऑस्ट्रिया-हंगेरीचा प्रांत) आणि रुमानियातून सुमारे २० लाख ज्यू अमेरिकेत आले. त्यांतले पुष्कळजण न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड भागात राहिले आणि तयार कपड्यांच्या धंद्यात शिरले. या घराण्यांचा इतिहास वंशावळ, फोटो, नकाशे आणि कामगार संघटनांची कागदपत्रे जोडून लिहिला जातो. सरकारी दप्तरात माणूस बोटीतून उतरताना दिसतो, मग थेट नागरिक होताना. मधली शिवणयंत्रावरची वर्षे भरून काढायची तर युनियनच्या कागदांकडेच जावे लागते.

शोध उलटा, म्हणजे थडग्यापासून मागे न्यावा. थडग्यावरच्या हिब्रू मजकुरात मृताच्या नावापुढे वडिलांचे नाव असते, त्यामुळे एक पिढी आयतीच हाती येते. ज्यू दिवस सूर्यास्ताला सुरू होत असल्याने सूर्यास्त ते मध्यरात्र या वेळेत झालेल्या मृत्यूची तारीख दाखल्याशी एका दिवसाने जुळत नाही. ती चूक समजू नये. थडगे बहुधा लान्ड्समनशाफ्टच्या जागेत असते. एकाच गावातून आलेल्यांची ही मंडळे मुंबईतल्या कोकणी ग्रामस्थ मंडळांसारखी होती: वर्गणी, आजारपणात मदत आणि दफनाची सोय. त्या जागेच्या फाटकावर कोरलेले गावाचे नाव घरच्यांच्या आठवणीपेक्षा भरवशाचे. घरात ‘मिन्स्कचे’ म्हणतात तेव्हा शहराऐवजी त्या नावाचा अख्खा प्रांत अभिप्रेत असू शकतो.

नागरिकत्वाचे कागद २७ सप्टेंबर १९०६ नंतरचे असतील तर जन्मगाव, बोट आणि तारीख मिळते. त्याआधीच्या कागदांत नुसते ‘रशिया’ लिहून मोकळे झालेले असतात. विवाहित बाईला मात्र २२ सप्टेंबर १९२२ पर्यंत नवऱ्यामागून आपोआप नागरिकत्व मिळे, त्यामुळे तिची स्वतंत्र फाइल सहसा नसतेच. शर्टवेस्टच्या (बायकांचा शर्टवजा ब्लाउज) धंद्यात तर बहुसंख्य बायका आणि मुलीच होत्या.

बोटीच्या यादीत नाव न सापडण्याचे मुख्य कारण स्पेलिंग. न्यूयॉर्क बंदरातल्या एलिस बेटावर येणाऱ्यांची तपासणी होई; तिथल्या कारकुनाने आडनाव बदलले ही कथा जवळपास प्रत्येक घरात सांगतात आणि ती खोटी आहे. यादी प्रवासाच्या सुरुवातीच्या बंदरातच तयार होई, बेटावर फक्त ती पडताळत. नावे पुढे लोकांनी स्वतःच बदलली. म्हणून मूळ यिडिश (पूर्व युरोपातल्या ज्यूंची भाषा) नावाने, उच्चाराच्या जवळपास जाणारी सगळी रूपे घालून शोधावे. स्लाव आणि यिडिश आडनावांसाठी १९८५ मध्ये तयार झालेली डेच-मोकोटॉफ ध्वनिसंकेत पद्धत, म्हणजे सारख्या उच्चाराच्या आडनावांना एकच संकेत देणारी पद्धत, इथे फार उपयोगी पडते. जर्मनीतल्या बंदरांपैकी हाम्बुर्गच्या प्रस्थान-याद्या टिकल्या आहेत, ब्रेमेनच्या बहुतेक नष्ट झाल्या.

१९१० च्या जनगणनेत धंद्याचा रकाना आहेच. शिवाय १९०९ मध्ये किती आठवडे काम नव्हते तेही विचारले होते. २२ नोव्हेंबर १९०९ रोजी कूपर युनियन या महाविद्यालयात भरलेल्या सभेत शिवणकामगार क्लारा लेमलिच यिडिशमधून बोलल्या आणि सार्वत्रिक संप ठरला. वीस हजारांवर कामगार बाहेर पडले. तरी रकान्यातले सगळे आठवडे संपाच्या खाती टाकू नयेत. या धंद्यात हंगाम संपला की काम बंदच असे.

इंटरनॅशनल लेडीज गारमेंट वर्कर्स युनियन १९०० मध्ये स्थापन झाली. वर्गणीच्या वहीवर शाखेचा क्रमांक असतो आणि त्यावरून काम कळते: १० म्हणजे कापड कापणारे, २५ म्हणजे शर्टवेस्टवाले, ८९ म्हणजे इटालियन ड्रेसमेकर. वहीत चिकटवलेल्या वर्गणीच्या तिकिटांत खंड दिसला तर संप, मंदी, बाळंतपण यांपैकी काहीही असू शकते. संघटनेचे दप्तर कॉर्नेल विद्यापीठाच्या खील केंद्रात आहे; गावमंडळांची पुष्कळ कागदपत्रे न्यूयॉर्कच्या यीव्हो या ज्यू संशोधन संस्थेत आहेत, बरीच यिडिशमध्ये.

‘आजी ट्रायंगलच्या आगीतून वाचली’ हे वाक्य तपासल्याशिवाय छापू नये. २५ मार्च १९११ रोजी न्यूयॉर्कच्या अ‍ॅश इमारतीच्या ८, ९ आणि १० व्या मजल्यांवरच्या ट्रायंगल या शर्टवेस्ट कारखान्याला आग लागली आणि १४६ जण मेले. मृतांची नावे तपासता येतात. वाचलेल्यांचे काम अवघड. मालकांनी युनियनला मान्यता दिलेली नव्हती, म्हणून वही नसणे हा ती तिथे नसल्याचा पुरावा होत नाही. सहा मृतांची ओळख तर २०११ पर्यंत पटली नव्हती. ती पटवताना जुन्या वृत्तपत्रांतल्या नावांचा बारकाईने माग काढावा लागला.

चित्रांच्या बाबतीत घाई नडते. फोटो ६०० डीपीआयला (दर इंचात ६०० ठिपके), पुढून आणि मागून स्कॅन करावा. मागची यिडिश ओळ जाणकाराकडून वाचून घ्यावी. आल्बमला चिकटलेला फोटो उपटू नये, अख्खे पान टिपावे. पुठ्ठ्यावर छापलेला स्टुडिओचा पत्ता जुन्या व्यवसाय-निर्देशिकेत पाहिला की साल काही वर्षांच्या पट्ट्यात बसते. रंगवलेला पडदा आणि खुर्ची स्टुडिओची असते, त्यावरून घरच्या ऐपतीचा अंदाज बांधू नये. चित्राखालच्या ओळींमध्ये खात्रीचे आणि अंदाजाचे वेगळे दाखवावे.

घरचा फोटो नसला की त्या काळच्या गरीब वस्त्या आणि कामगार टिपणाऱ्या जेकब रीस किंवा लुईस हाइन या छायाचित्रकारांचे एखादे चित्र लावून जागा भरतात, आणि पुढच्या पिढीला ती पणजी वाटू लागते. १ मे १९०९ च्या मिरवणुकीतला दोन मुलींचा फोटो असाच सर्रास वापरला जातो: बालमजुरीविरोधी घोषणेचा पट्टा दोघींच्याही अंगावर, एकीचा इंग्रजीत, दुसरीचा यिडिशमध्ये. तो जरूर छापावा, पण ‘या मुली आपल्या घरातल्या नाहीत’ हे चित्राखालीच लिहावे.