13-1 वरून 2-10: फ्लोरिडा स्टेटच्या पडझडीची पार्श्वभूमी

अमेरिकन कॉलेज फुटबॉलमधला एखादा बडा संघ कोसळला की खापर फोडायला दोन डोकी तयार असतात. प्रशिक्षकाला जमलं नाही, किंवा मग संघाची संस्कृतीच बिघडली होती. आदल्या वर्षी 13 सामने जिंकून एकच हरलेला फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाचा संघ 2024 मध्ये 2 जिंकून 10 हरला. त्या हंगामानंतर ही दोन्ही कारणं इतक्या वेळा ऐकू आली, की टॅलाहासीत, म्हणजे या संघाच्या गावात, हा वाद पहिल्यांदाच होतोय असं वाटावं. प्रत्यक्षात तो तिथे पन्नास वर्षांपासून चालू आहे.

1972 मध्ये या संघाने 7 सामने जिंकले, 4 हरले. पुढच्या वर्षी 0-11. मधल्या काळात हंगामाबाहेरच्या सरावाच्या बातम्या फुटल्या होत्या. एका खोलीत, जमिनीपासून जेमतेम चार फुटांवर, कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसली तारेची जाळी ताणलेली असे आणि तिच्याखाली वाकून खेळाडूंनी एकमेकांशी कुस्ती खेळायची. कणखरपणा यावा म्हणून! बरेच खेळाडू संघ सोडून गेले आणि हंगाम संपल्यावर प्रशिक्षकही गेले. हा दोष प्रशिक्षणाचा की संस्कृतीचा, हा प्रश्न इथे निरर्थक आहे, कारण जाळी प्रशिक्षकांच्या राज्यातच बांधली गेली होती. पुढची दोन वर्षं 1-10 आणि 3-8 अशी गेली. 1976 मध्ये आलेले प्रशिक्षक मग 34 हंगाम राहिले. 1987 ते 2000 अशी सलग 14 वर्षं संघ देशातल्या पहिल्या पाचांत होता. त्या काळाबद्दल इथे लिहिण्यासारखं फारसं नाही. जिंकणाऱ्या संघाची संस्कृती कुणी तपासत नाही.

त्यांच्या वारसदाराने 2013 मध्ये राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. 2017 मध्ये देशात तिसऱ्या क्रमांकावरून सुरुवात करून संघ 7-6 वर घसरला. पहिल्याच सामन्यात क्वार्टरबॅक (आक्रमणाचा सूत्रधार खेळाडू) जायबंदी झाला होता हे खरं, पण हंगाम संपायच्या आत प्रशिक्षकांनी टेक्सास ए अँड एमचा रस्ता धरला. त्यांच्या घरासमोर रस्त्याकडेला टाकून दिलेल्या ख्रिसमस ट्रीचा फोटो त्या आठवड्यात जिकडेतिकडे फिरत होता. 2018 मध्ये 5-7 झालं आणि 1982 पासून सलग 36 वर्षं बोल सामना (हंगामानंतर चांगल्या संघांना मिळणारा खास सामना) खेळण्याची परंपरा तुटली. नव्या प्रशिक्षकांना जेमतेम 21 सामने मिळाले. 9 विजय, 12 पराभव, आणि 2019 च्या नोव्हेंबरात त्यांना घरी पाठवण्यात आलं. करार मोडण्याची किंमत 1.7 कोटी डॉलरच्या घरात होती. तेव्हा निदान चुटकीसरशी झालं: दोष प्रशिक्षकाचा.

2020 मध्ये आलेल्या प्रशिक्षकांची सुरुवात याहून वाईट होती. 3-6, मग 5-7. 2021 मध्ये जॅक्सनव्हिल स्टेटसारख्या खालच्या गटातल्या संघाने शेवटच्या चेंडूवर 59 यार्डांचा टचडाउन करून त्यांना घरच्या मैदानावर 20-17 हरवलं. तरीही ते टिकले. त्याच वर्षी खेळाडूंना एकदा, एक वर्ष बाहेर न बसता, संघ बदलण्याची मुभा मिळाली. जुलैपासून स्वतःच्या नावावर पैसे कमावण्याची दारंही उघडली. संघ बदलू पाहणाऱ्यांच्या नोंदणीचा, म्हणजे ट्रान्सफर पोर्टलचा, फायदा या संघाइतका फार थोड्यांनी उचलला. अल्बानी, ओरेगॉन, ॲरिझोना स्टेट, वेस्टर्न मिशिगन, मिशिगन स्टेट अशा ठिकाणांहून तयार खेळाडू आले. 2022 मध्ये 10-3, 2023 मध्ये बोल सामन्याआधी 13-0. आता ‘क्लाइंब’ (चढाई) या संघाच्या घोषवाक्याचं, सरावातल्या शिस्तीचं, बंधुभावाचं कौतुक सुरू झालं. म्हणजे श्रेय पुन्हा संस्कृतीला.

यानंतर येतो 3 डिसेंबर 2023 चा निर्णय. त्याला वळसा घालून 2024 समजत नाही, असं निदान फ्लोरिडा स्टेटचे चाहते मानतात.

18 नोव्हेंबरला नॉर्थ अलाबामाविरुद्ध क्वार्टरबॅकचा पाय मोडला. फ्लोरिडाविरुद्ध दुसरा क्वार्टरबॅक उतरला, 24-15 ने विजय. तोही जायबंदी झाला. लुइव्हिलविरुद्ध कॉन्फरन्सच्या (संघांच्या आपल्या गटाच्या) अंतिम सामन्यात पहिल्या वर्षाचा पोरगा खेळला. बचावफळीने सामना ओढून नेला आणि 16-6 ने विजेतेपद पदरात टाकलं. दुसऱ्या दिवशी निवड समितीने राष्ट्रीय विजेता ठरवणाऱ्या प्लेऑफसाठी चौघांची नावं जाहीर केली: मिशिगन, वॉशिंग्टन, टेक्सास, अलाबामा. फ्लोरिडा स्टेट पाचवा. पाच मोठ्या कॉन्फरन्सपैकी एकीचा अपराजित विजेता चार संघांच्या प्लेऑफबाहेर राहिल्याचं हे पहिलंच उदाहरण.

समितीच्या नियमावलीत महत्त्वाचा खेळाडू उपलब्ध नसणं विचारात घेण्याची तरतूद होती, त्यामुळे निर्णय नियमबाह्य म्हणता येत नाही. शिवाय अलाबामाने आदल्याच दिवशी, सलग 29 सामने जिंकलेल्या जॉर्जियाला 27-24 ने हरवलं होतं. टेक्सासने सप्टेंबरात अलाबामाला त्यांच्याच मैदानावर नमवलेलं असल्याने अलाबामाला घ्यायचं तर टेक्सासला वगळणं कठीण होतं. एकूण गणित असं बसलं की बळी एकाचाच जाणार होता. पण मुख्य क्वार्टरबॅक गमावल्यावरही जो संघ दोन्ही सामने जिंकतो, त्याला ‘आता तो पूर्वीचा संघ नाही’ म्हणून बाहेर ठेवणं म्हणजे मैदानावरच्या निकालापेक्षा अंदाजाला जास्त वजन देणं. हा अन्याय होता, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. विद्यापीठाने महिना संपण्याआधी आपल्याच कॉन्फरन्सला कोर्टात खेचलं, त्यामागे पैशाचं जुनं दुखणं असलं तरी ठिणगी हीच होती.

अन्याय झाला म्हणून पुढचं सगळं त्याच्या नावावर खपवता येतं का? 30 डिसेंबरच्या ऑरेंज बोलमधून दोन डझनांहून अधिक खेळाडूंनी अंग काढून घेतलं आणि जॉर्जियाने उरलेल्यांचा 63-3 असा धुव्वा उडवला. बोल सामन्यांच्या इतिहासातला हा सर्वांत मोठ्या फरकाचा पराभव. मन मोडलेला संघ म्हणून या सामन्याचा दाखला देतात. पण ज्यांचं मन मोडलं होतं त्यांतले बिनीचे शिलेदार एप्रिलपर्यंत गेलेही होते. दहा जण एनएफएल या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) निवडले गेले. ऑगस्टमध्ये जे उतरले, त्यांतल्या अनेकांना ती जखम झालेलीच नव्हती.

देशात दहाव्या क्रमांकावर असलेल्या त्या संघाला डब्लिनमध्ये जॉर्जिया टेकने शेवटच्या क्षणी 44 यार्डांच्या किकवर 24-21 ने हरवलं. त्या दिवसाचे 21 गुण हाच पहिल्या दर्जाच्या संघाविरुद्धचा हंगामातला उच्चांक ठरला. बोस्टन कॉलेज, मेम्फिस, एसएमयू, क्लेमसन यांच्याकडूनही हार. ज्या ड्यूकशी आजवर कधीच हरले नव्हते, त्यांच्याकडूनही 23-16. नोत्र दामने 52-3 असं पानिपत केल्यावर आक्रमण आणि बचाव या दोन्ही बाजूंच्या समन्वयकांना काढण्यात आलं.

मुख्य प्रशिक्षक मात्र राहिले, आणि माझ्या मते निदान कसं ठरतं ते इथे उघड होतं. जानेवारी 2024 मध्ये अलाबामाच्या प्रशिक्षकाची जागा रिकामी झाली, यांचं नाव चर्चेत आलं, आणि घाबरलेल्या विद्यापीठाने 2031 पर्यंतचा, वर्षाला 1 कोटी डॉलरहून जास्त मोबदल्याचा करार पुढे केला. वर्षअखेरीस तो मोडायचा तर 6 कोटी डॉलरहून अधिक मोजावे लागणार होते. आता मात्र लॉकर रूममध्ये नेतृत्व नव्हतं, पोर्टलमधून चुकीची माणसं आली, असं बोललं जाऊ लागलं. प्रशिक्षकांनी आपल्या पगारातले 45 लाख डॉलर सोडून दिले. टेक्सास ए अँड एमने आदल्याच वर्षी साडेसात कोटींच्या वर मोजून आपल्या प्रशिक्षकांना निरोप दिला होता. हे तेच, टॅलाहासीहून गेलेले. तिथे तिजोरी भरलेली होती, त्यामुळे संस्कृतीपर्यंत जाण्याची गरज पडली नाही.

लॉकर रूममध्ये नेतृत्व नव्हतं हे मी नाकारत नाही. पूर्वी तिसऱ्या-चौथ्या वर्षाची मुलं नव्यांना वळण लावत. शाळेतून घेतलेली मुलं घडवण्याऐवजी दरवर्षी तयार माल आणला की ती साखळी तुटते. पण तसा संघ बांधायचा निर्णय कुणाचा होता? 2022-23 मध्ये तीच पद्धत फळली तेव्हा तिला दूरदृष्टी म्हणत होते.

2025 मध्ये समन्वयक नवे आले. क्वार्टरबॅक म्हणून जो आला त्याने वर्षभरापूर्वी बोस्टन कॉलेजकडून खेळताना याच संघाला याच मैदानावर 28-13 ने हरवलं होतं. पहिल्याच सामन्यात अलाबामाला 31-17 ने लोळवल्यावर संस्कृती सुधारल्याचं सगळ्यांनी जाहीर करून टाकलं. तीन विजयांनंतर ओळीने चार पराभव झाले, त्यांत स्टॅनफर्डविरुद्धचा 20-13 हा सर्वांत लाजिरवाणा. हंगाम 5-7 वर संपला. मुख्य प्रशिक्षक पुढच्या वर्षीही राहणार, हे विद्यापीठाने नोव्हेंबरातच सांगून टाकलं होतं.