रुळाखालचं तिसरं चाक

न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवरचा 'सायक्लोन' हा जगातला बहुधा सर्वांत नावाजलेला लाकडी रोलर कोस्टर. गंमत अशी, की त्याचा सांगाडा लाकडाचा नाही. खांब आणि तुळया पोलादाच्या आहेत. तरी त्याला लाकडी म्हणतात, कारण गाडी ज्यावरून धावते तो मार्ग फळ्यांचा आहे. फळ्यांचे थर एकावर एक रचून बोल्टने आवळायचे आणि सर्वांत वर चाकांसाठी पोलादाची चपटी पट्टी ठोकायची, ही त्याची पद्धत. लाकडी की पोलादी हे मार्गावरून ठरतं. उलट सगळा सांगाडा लाकडाचा आणि रूळ मात्र पोलादाचे, असेही रोलर कोस्टर आता आहेत. त्यांना काय म्हणायचं यावर या छंदातली माणसं हमरीतुमरीवर येतात. त्या वादाकडे शेवटी येऊ.

सुरुवात रशियातली, बर्फाची. सेंट पीटर्सबर्गच्या आसपास हिवाळ्यात लाकडी मचाणं उभारून त्यांच्या उतारावर पाणी ओतत, ते गोठलं की वरून घसरत खाली यायचं. काही मचाणं ७०-८० फूट उंच असत. बर्फ उन्हाळ्यात टिकत नाही, पण हौस टिकते. सम्राज्ञी कॅथरीनच्या काळात ओरानियनबाउमला चाकांच्या गाड्यांसाठी अशी घसरगुंडी बांधली गेली. ती कधीच नाहीशी झाली, पण तिचा निळा-पांढरा मंडप अजून उभा आहे.

पुढे १८१७ मध्ये पॅरिसमध्ये 'रशियन टेकड्या' आल्या. त्यांपैकी बेलव्हिलच्या गाड्यांमध्ये एक बारकावा होता. चाकांच्या आसांची टोकं बाजूच्या पट्ट्यांमधल्या खाचेत अडकवलेली असत, म्हणजे गाडी उसळली तरी रुळावरून सुटू नये. मला या इतिहासातली ही सर्वांत महत्त्वाची खाच वाटते. पण ती कल्पना तिथेच राहिली आणि पुन्हा सुचायला शंभर वर्षं गेली. जाता जाता भाषेची गंमत: फ्रेंच माणूस आजही रोलर कोस्टरला 'रशियन टेकड्या' म्हणतो आणि रशियन माणूस 'अमेरिकन टेकड्या'.

अमेरिकेत ही गोष्ट कोळशातून आली. पेनसिल्वेनियातल्या मॉक चंकला १८२७ मध्ये खाणीतला कोळसा डोंगरावरून खाली आणण्यासाठी रूळ टाकले. भरलेले डबे उताराने आपोआप खाली येत आणि रिकामे डबे खेचरं वर ओढून नेत. मग खेचरांनाही डब्यात बसवून खाली आणू लागले. असं सांगतात, की एकदा ही चैन कळल्यावर खेचरांनी उतार चालत उतरायला साफ नकार दिला. माणसांचंही तेच झालं. कोळशाची वाहतूक दुसऱ्या मार्गाने होऊ लागल्यावर हा रूळ केवळ हौशी प्रवाशांसाठी चालू राहिला, तो थेट १९३३ पर्यंत.

१६ जून १८८४ रोजी लामार्कस थॉम्प्सनने कोनी आयलंडवर 'स्विचबॅक रेल्वे' सुरू केली. सुमारे ६०० फूट लांब, ५० फूट उंच, आणि वेग ताशी ६ मैलांच्या आसपास, म्हणजे भरभर चालणाऱ्या माणसापेक्षा थोडा जास्त. प्रवासी जिना चढून वर जात, बाकावर आडवे, बाजूला तोंड करून बसत. पलीकडच्या टोकाला उतरायचं, कामगारांनी गाडी दुसऱ्या रुळावर घेतली की परत बसायचं. तिकीट ५ सेंट. आज ऐकून हसू येतं, पण रांगा लागल्या. वर्षभरातच फिलिप हिंकलने चढावर गाडी ओढणारी साखळी आणली आणि जिना चढायचे कष्ट संपले.

पुढची तीसेक वर्षं मात्र उतार सौम्यच राहिले, आणि त्याचं कारण भित्रेपणा नव्हतं. त्या काळच्या गाड्यांना वजन पेलणारी चाकं होती आणि बाजूच्या लाकडी कठड्याला घासत जाणारी चाकं होती. गाडीला खाली धरून ठेवायला गुरुत्वाकर्षणाखेरीज काहीच नव्हतं. टेकडी जरा तीव्र केली, वेग जरा वाढला, तर गाडी माथ्यावरून सरळ हवेत. पेनसिल्वेनियातल्या अल्टूनाचा १९०२ चा 'लीप द डिप्स' याच जातीचा आहे. उभ्या असलेल्या रोलर कोस्टरांमध्ये तो सर्वांत जुना. उंची ४१ फूट, पण त्याचा मोठ्यात मोठा उतार ९ फुटांचा. बसणाऱ्याच्या मांडीवर दांडाही नाही, पट्टाही नाही.

जॉन मिलरने १९१९ मध्ये पेटंट घेतलं ते तिसऱ्या चाकाचं. हे चाक रुळाच्या खाली असतं आणि गाडी वर उचलली जाऊ लागली की रुळाच्या पोटाला टेकतं. मिलरच्या नावावर शंभराहून जास्त पेटंटं आहेत. साखळीवर चढताना येणारा तो कट-कट-कट आवाजही त्याच्याच देणगीचा, गाडी मागे घसरू नये म्हणून दातेरी पट्टीत पडत जाणाऱ्या खिटीचा. पण खालचं चाक आलं आणि सगळं गणितच फिरलं. आता उतार हवा तितका तीव्र करता येत होता, कारण गाडी सुटण्याची भीती उरली नव्हती. आणि इथेच खरी मेख आहे: खालचं चाक गाडीला आहे, आपल्याला नाही. माथ्यावर गाडी रुळाबरोबर खाली वळते, आपलं अंग मात्र फेकलेल्या दगडासारखं आपल्याच वाटेने पुढे जाऊ पाहतं. बाकावरून उठतो ते यामुळेच. मांडीवरचा दांडा नसता तर तिथेच राहिलो असतो.

१९२० चं दशक या खेळाचं सुवर्णयुग ठरलं ते या चाकामुळे. पिट्सबर्गजवळच्या केनीवूडमध्ये १९२० चा मिलरचा 'जॅक रॅबिट' अजून धावतो. आणि जिथे थॉम्प्सनची संथ गाडी धावली होती, त्याच जागेवर २६ जून १९२७ रोजी 'सायक्लोन' सुरू झाला. उंची ८५ फूट, पहिला उतार जवळपास ६० अंशांचा, वेग ताशी ६० मैलांपर्यंत, सगळा प्रवास दोन मिनिटांच्या आत. त्याच वर्षी कॅनडातल्या क्रिस्टल बीचला हॅरी ट्रेव्हरने बांधलेला दुसरा 'सायक्लोन' तर इतका निर्दय होता की फलाटावर परिचारिका ठेवावी लागली.

लाकडी गाडीत बसल्यावर पहिली जाणीव होते ती आवाजाची. पोलादी नळीच्या रुळावर गाडी सरसरत जाते, इथे ती खडखडते. पोलादी चाकं, पोलादी पट्टी आणि खाली ढोलासारखा घुमणारा लाकडाचा सांगाडा. साखळीने वर नेलं की क्षणभर शांतता, मग पोटात खड्डा. कुठे बसलात यावरही बरंच अवलंबून असतं. पुढच्या डब्यातला माणूस माथ्यावर क्षणभर लटकून राहतो, कारण गाडीचं उरलेलं वजन अजून मागे चढावर असतं. मागच्या डब्यातल्याला तेवढी उसंत नाही. पुढचे डबे उताराला लागलेले असतात आणि ते त्याला माथ्यावरून हिसडा देऊन ओढून नेतात. दृश्य हवं तर पुढे, उसळी हवी तर मागे. माझं मत मागच्या बाजूने. आडव्या तुळया डोक्याला लागणार असं वाटून माणसं हात खाली घेतात, खरं तर त्या पुरेशा वर असतात.

सांगाडा हलताना दिसतो तो तसाच हलायला हवा. लाकूड लवचिक आहे. गाडीचा धक्का ते सगळ्या सांध्यांमध्ये वाटून घेतं, म्हणून ताठ बांधलेला सांगाडा लवकर तुटेल आणि डुलणारा टिकेल. शिवाय हे लाकूड हवामान ओळखतं. थंड सकाळी गाडी आळसावलेली असते, दिवसभर धावून चाकांमधलं ग्रीस गरम झालं की रात्री तीच गाडी सुसाट. या सगळ्याची किंमत सुतार मोजतात. रोज सकाळी मार्गावरून चालत जाऊन फळ्या आणि बोल्ट तपासायचे, आणि हंगाम संपला की एकेक तुकडा उखडून नवा बसवायचा.

हा खर्चच पुढे नडला. १९२९ नंतरची मंदी, मग महायुद्ध, मग शहरातल्या जमिनींचे चढते भाव. शेकडो रोलर कोस्टर पाडले गेले. १९५९ मध्ये डिस्नेलँडमध्ये 'मॅटरहॉर्न' पोलादी नळीच्या रुळावर धावला आणि लाकूड जुनंपुराणं ठरलं. 'सायक्लोन'वरही १९७० च्या दशकात गंडांतर आलं होतं, शेजारच्या मत्स्यालयाला ती जागा हवी होती. तो वाचला, १९७५ मध्ये दुरुस्त होऊन पुन्हा सुरू झाला आणि १९८८ मध्ये शहराने त्याला वारसा वास्तूचा दर्जा दिला. त्याआधीच वारं फिरलं होतं. ओहायोतल्या किंग्ज आयलंडमध्ये १९७२ साली जॉन ॲलनचा 'रेसर' आला, १९७९ मध्ये झाडीतून धावणारा ७,३५९ फुटांचा 'बीस्ट' आला. लांबीत 'बीस्ट'ला लाकडी गटात अजून कोणी मागे टाकलेलं नाही. त्याच उद्यानात २००० मध्ये 'सन ऑफ बीस्ट' बांधला, २१८ फूट उंच. तो २००९ मध्ये बंद पडला आणि २०१२ मध्ये पाडला. लाकडाच्या सोसण्याला मर्यादा आहे.

आता तो वाद. २०११ मध्ये टेक्सासमधल्या एका जुन्या लाकडी रोलर कोस्टरच्या सांगाड्यावर पोलादी रूळ बसवून 'न्यू टेक्सास जायंट' केला गेला. गाडी गुळगुळीत आणि उतार आणखी तीव्र झाला. मग अनेक जुन्या सांगाड्यांचं असंच झालं. मला त्यात खंत वाटत नाही, पाडण्यापेक्षा ते बरं. पण त्याला लाकडी म्हणवत नाही. खडखडाट गेला, सकाळ-रात्रीचा फरक बराच गेला. 'सायक्लोन'चं नेमकं उलटं.

आणि मेलबर्नच्या लूना पार्कमध्ये १९१२ चा 'ग्रेट सीनिक रेल्वे' आहे, मिलरच्या पेटंटच्या ७ वर्षं आधीचा. तिथे गाडीच्या मध्यभागी एक माणूस उभा राहून प्रवास करतो. हातात ब्रेकचा दांडा, आणि कुठल्या उताराला गाडी किती सोडायची हे तोच ठरवतो.