लाल पांडा
(शास्त्रीय नाव: आयल्युरस फुलजेन्स). पूर्व हिमालयात आणि नैर्ऋत्य चीनच्या डोंगरांत राहणारा, बहुतेक वेळ झाडावर काढणारा सस्तन प्राणी. नेपाळमध्ये त्याला ‘हाब्रे’ म्हणतात. पांडा म्हटले की काळ्यापांढऱ्या अस्वलाची आठवण होते, पण या नावावर पहिला हक्क लाल पांडाचा आहे. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ फ्रेडरिक क्यूव्हिए यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन १८२५ मध्ये केले. मोठ्या पांडाचे वर्णन त्यानंतर ४४ वर्षांनी, १८६९ मध्ये झाले. दोघांचे जवळचे नाते नाही. मोठा पांडा अस्वलांच्या कुळातला. लाल पांडा मात्र आयल्युरिडी कुळात आज एकटाच उरला आहे. रॅकून, स्कंक आणि मुंगसासारखे दिसणारे वीझल हे त्याचे दूरचे नातेवाईक. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानुसार हिमालयी आणि चिनी लाल पांडा या दोन वेगळ्या प्रजाती मानाव्यात.

आकाराने तो मांजरापेक्षा थोडा मोठा असतो. वजन साधारण ३ ते ६ किलो. पाठ तांबूस, पोट आणि पाय काळे, चेहऱ्यावर पांढरे पट्टे. झुपकेदार शेपटीवर फिकट-गडद वलये असतात. हा रंग माणसाला भडक वाटतो, पण तो जिथे राहतो त्या झाडांच्या फांद्यांवर तांबूस शेवाळ आणि पांढरी दगडफुले वाढलेली असतात. तिथे अंग मुडपून बसलेला पांडा सहज नजरेतून सुटतो, आणि खालून पाहणाऱ्याला त्याचे काळे पोट सावलीत मिसळलेले दिसते. तळपायांवरही दाट केस असतात. थंडीत तो शेपटी अंगाभोवती गुंडाळून झोपतो. घोटे वळवून झाडावरून डोके खाली करून उतरणे त्याला जमते, आणि ही कसब फार थोड्या प्राण्यांत आहे.

लाल पांडाचे सारे जगणे त्याच्या आहाराभोवती फिरते. तो मांसाहारी गणातला, आतडे आखूड, रवंथ करणाऱ्या प्राण्यांसारखे कप्प्यांचे पोट नाही. तरीही खातो मुख्यतः बांबू. त्यातला सेल्युलोज, म्हणजे वनस्पतीतला तंतुमय भाग, त्याला फारसा पचत नाही, आणि खाल्लेले अन्न २ ते ४ तासांत शरीराबाहेर पडते. म्हणून तो निवड करतो. मोठा पांडा बांबूचे खोडही फोडून खातो. लाल पांडा मात्र कोवळी पाने आणि वसंतातले कोंब तेवढे वेचतो व रुंद दाढांनी बारीक चावतो. बांबू धरायला मनगटातले एक हाड वाढून अंगठ्यासारखे झालेले आहे. स्पेनमध्ये सापडलेल्या, मांस खाणाऱ्या एका नामशेष नातेवाइकाच्या जीवाश्मांतही हा खोटा अंगठा आहे. म्हणजे तो मुळात फांद्या पकडायला आला असावा. बांबूसाठीचा उपयोग नंतरचा. फळे, कवक, अंडी, क्वचित पक्षीही तो खातो. एवढ्या तुटपुंज्या ऊर्जेवर जगायचे, तर धावपळ परवडत नाही. दिवसाचा मोठा भाग खाण्यात आणि उरलेला झोपेत जातो.

विणीचा हंगाम जानेवारी ते मार्च. भ्रूण गर्भाशयात रुजायला उशीर लागू शकत असल्यामुळे गर्भकाळ सुमारे ११२ ते १५८ दिवसांचा, इतका कमी-जास्त असतो. जून-जुलैत झाडाच्या ढोलीत १ ते ४ आंधळी पिल्ले जन्मतात. आई त्यांना एका ढोलीतून दुसरीत हलवत राहते. दीड वर्षात ती प्रौढ होतात.

नेपाळ, भूतान, भारत, उत्तर म्यानमार आणि चीन एवढाच त्याचा पसारा. सुमारे २,२०० ते ४,८०० मीटर उंचीवरची थंड, दमट जंगले त्याला लागतात: वर सूचिपर्णी वृक्ष, ओक आणि ऱ्होडोडेंड्रॉन, खाली बांबूची दाट जाळी, जवळ पाणी. उष्णता त्याला मानवत नाही. भारतात सिक्कीम, अरुणाचल प्रदेश आणि पश्चिम बंगालच्या सिंगलीला व नेओरा खोऱ्यात तो आढळतो. सिक्कीमचा तो राज्यप्राणी आहे. दार्जिलिंगच्या पद्मजा नायडू हिमालयीन प्राणिसंग्रहालयात त्याचे प्रजनन केले जाते.

२०१५ पासून धोक्यातल्या प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय लाल यादीत तो ‘संकटग्रस्त’ आहे. जंगलात १०,००० पेक्षा कमी उरले असावेत, असा अंदाज आहे. शिकार होते, गुराख्यांच्या कुत्र्यांकडून डिस्टेंपरचा रोग लागतो. पण खरे नुकसान जंगलाचे तुकडे पडल्याने होते. बांबूच्या अनेक जाती कित्येक वर्षांनी एकदम फुलतात आणि मग पूर्ण बेट वाळते. जंगल सलग असेल तर लाल पांडा शेजारच्या उतारावरच्या दुसऱ्या बांबूकडे सरकतो. मधे रस्ता, शेत किंवा उघडा माळ आला की त्याला ती वाट उरत नाही.