पाव मैल, सोळाशे सीसी आणि नेमका टर्बो

ड्रॅग शर्यतीसाठी, म्हणजे पाव मैलाच्या सरळ धावेसाठी, छोटं इंजिन बांधायला घेतलं की पहिला प्रश्न ठरलेला: "हा टर्बो किती हॉर्सपॉवर देतो?" टर्बोत एक्झॉस्टच्या वायूनं फिरणारं एक चाक (टर्बाइन) असतं आणि त्याच दांड्यावर इंजिनात हवा दाबून भरणारं दुसरं (कंप्रेसर). म्हणजे टर्बो फक्त हवा देतो. ताकद येते इंधनातून, आणि इंधन किती जाळता येईल हे हवा ठरवते. म्हणून आधी विचारायचं ते असं: माझ्या इंजिनाला मिनिटाला किती किलो हवा लागेल, आणि ती कोणत्या आरपीएमपासून (मिनिटाला इंजिनाच्या फेऱ्या) लागेल? दुसऱ्या अर्ध्याकडे बहुतेक जण बघतच नाहीत. माझ्या मते निवड तिथेच होते.

होंडाचं बी१६ए घेऊ. १९८९ साली होंडाच्याच इंटेग्रा गाडीतून आलेलं हे १,५९५ सीसीचं इंजिन टर्बोशिवाय १६० हॉर्सपॉवर द्यायचं आणि आठ हजार आरपीएमपर्यंत हसत चढायचं. ड्रॅगवाल्यांचा त्याच्यावर आजही जीव आहे. चार स्ट्रोकचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदाच श्वास घेतं, म्हणजे ८,००० आरपीएमला मिनिटाला ४,००० वेळा. सिलिंडर ९५ टक्के भरतात असं धरलं तर सुमारे ६,००० लिटर हवा झाली. आता १.५ बार बूस्ट (वातावरणाच्या दाबावरचा जादा दाब) द्या आणि इंटरकूलरमधून, म्हणजे दाबलेली हवा गार करणाऱ्या जाळीतून, हवा ५० अंशांवर आणा. अशा एका घनमीटर हवेचं वजन सुमारे २.७ किलो भरतं. हिशेब येतो मिनिटाला साधारण १६ किलो, आणि पेट्रोलवर एक किलोमागे ढोबळ २२ हॉर्सपॉवर धरले तर साडेतीनशेच्या आसपास ताकद. मूळ पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड एवढ्या दाबासाठी बनवलेले नाहीत. फोर्ज्ड, म्हणजे ठोकून घडवलेले मजबूत भाग घालणं ओघानं आलंच.

आता गिअर. पहिल्याचं गुणोत्तर ३.२३ आणि दुसऱ्याचं २.१ असेल, तर ८,००० ला गिअर टाकल्यावर इंजिन थेट ५,२०० वर येतं. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना ही घसरण याहून कमी असते. म्हणजे ४०२ मीटरच्या धावेत, सुरुवातीचा क्षण सोडला, तर इंजिन ५,२०० च्या खाली उतरतच नाही. सुरुवातीची सोय टू-स्टेप लिमिटर करतो. गाडी रेषेवर उभी असताना तो ठिणगी उशिरा देतो, काही इंधन एक्झॉस्टमध्येच जळतं आणि त्या उष्णतेवर टर्बाइन फिरत राहतं. शिवाय पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीला पहिल्या गिअरमध्ये पूर्ण बूस्ट पेलवतच नाही. वजन मागे जातं, पुढचे टायर जागीच फिरतात. त्यामुळे ३,००० आरपीएमला बूस्ट देणारा, शहरात मजा आणणारा टर्बो इथे फुकट. पण ६,००० ला जागा होणारा मोठा टर्बोही प्रत्येक गिअर बदलताना वेळ खाणार.

मोठेपणाची किंमत किती, हे भौतिकशास्त्र स्पष्ट सांगतं. एकाच आकाराचं चाक सर्व बाजूंनी वाढवलं तर त्याचं जडत्व व्यासाच्या पाचव्या घातानं वाढतं. व्यास फक्त दहा टक्के वाढला तरी जडत्व साठ टक्क्यांनी चढतं. मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेणाऱ्या चाकाला तिथवर पोहोचवायला लागणारा वेळ यातून येतो. पाव मैलात तो वेळ परत मिळवायला जागा नसते.

हे सगळं एका कागदावर दिसतं: कंप्रेसर मॅप. आडव्या अक्षावर हवेचा प्रवाह, उभ्यावर दाबाचं गुणोत्तर, म्हणजे बाहेर पडणाऱ्या हवेचा दाब भागिले आत येणाऱ्या हवेचा. आपल्या इंजिनासाठी गुणोत्तर २.५, आणि प्रवाह ५,२०० आरपीएमला साडेदहा किलो ते ८,००० ला १६ किलो. बहुतेक मॅप पौंडांत असतात, म्हणून २३ ते ३६. या दोन बिंदूंमध्ये रेघ मारा. डावं टोक सर्ज रेषेच्या (मॅपची डावी हद्द) पलीकडे गेलं तर टर्बो फार मोठा आहे. तिथे पात्यांवरून हवा सुटते, मागे उलटते आणि बेअरिंगला धक्के बसतात. उजवं टोक चोक रेषेकडे (उजवी हद्द, याहून जास्त हवा जात नाही) सरकलं तर टर्बो लहान. रेघ मधल्या कार्यक्षम पट्ट्यातून जायला हवी, कारण फरक तापमानाचा आहे. बाहेर ३५ अंश असताना ७५ टक्के कार्यक्षमतेचा कंप्रेसर हवा सुमारे १६० अंशांवर सोडतो, ६० टक्क्यांचा जवळपास १९० वर. ते जादा तीस अंश इंटरकूलरच्या माथी येतात, आणि तो कमी पडला की नॉकिंग, म्हणजे मिश्रणाचा अवेळी भडका, सुरू होऊन पिस्टनवर बेततं. इथेनॉल वापरणाऱ्यांना थोडी सवलत मिळते, कारण ते बाष्प होताना पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता शोषतं.

मॅप वाचताना ठिकाणही धरायला हवं. लोणावळ्याजवळच्या अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग शर्यती झाल्या आहेत, आणि तो परिसर समुद्रसपाटीपासून ६०० मीटरच्या वर आहे. तिथे हवेचा दाब सहा-सात टक्के कमी. इंजिनात तेवढीच हवा घालायची तर गुणोत्तर २.५ वरून २.६५ च्या आसपास जातं आणि मॅपवरचा बिंदू वर-उजवीकडे सरकतो. मुंबईत सरावात नीट बसलेला टर्बो तिथे धापा टाकू शकतो. १९१८ साली अभियंते सॅनफोर्ड मॉस यांनी लिबर्टी विमान-इंजिन अमेरिकेतल्या पाइक्स पीक शिखरावर, ४,३०० मीटर उंचीवर नेऊन टर्बोची चाचणी घेतली होती, ती विरळ हवेतही इंजिनाची ताकद टिकते हे दाखवण्यासाठीच.

उरली टर्बाइनची बाजू. तिच्या घराचा ए/आर आकडा (वायूच्या वाटेचं क्षेत्रफळ भागिले त्रिज्या) लहान असेल तर वायू जोरात आदळतो आणि बूस्ट लवकर येतो, पण वरच्या आरपीएमला तोच वायू अडतो. अडलेला गरम वायू सिलिंडरमध्ये मागे राहतो आणि ताज्या हवेची जागा खातो. हे डोळ्यांनी दिसत नाही, म्हणून टर्बाइनच्या आधी एक्झॉस्टमध्ये दाबाचा सेन्सर बसवा. हा खर्च मी कुणालाही टाळू देणार नाही. तिथला दाब बूस्टच्या जवळपास राहिला तर उत्तम. दुपटीच्या वर गेला तर कंप्रेसरला हात लावू नका. तोच टर्बो ठेवून आधी फक्त पुढच्या मापाचं टर्बाइन घर घाला आणि ५,२०० ला बूस्ट अजून वेळेवर येतो का ते लॉगमध्ये (धावेच्या नोंदीत) तपासा.