असत्य, चूक व फसवणूक यांचे वाचक शब्द, इंग्रजीतील

खोटे बोलणे, चुकणे आणि फसवणे या तीन क्रियांसाठी इंग्रजी भाषेत रूढ असलेला शब्दसमूह. त्याचे ढोबळमानाने तीन थर पडतात. लाय, राँग, मिस्टेक हे रोजच्या बोलण्यातले शब्द प्राचीन इंग्रजी व स्कँडिनेव्हियन मुळांचे आहेत. फॉल्स, एरर, फ्रॉड, पर्जरी (शपथेवर खोटे सांगणे) हे न्यायालय, चर्च आणि विद्वत्ता यांच्या व्यवहारातले शब्द मूळ लॅटिन असून त्यांतील बहुतेक फ्रेंचमार्गे आले. चीट (फसवणे), शॅम (ढोंग), हम्बग (थोतांड), होक्स (लबाडीची थाप), फेक (बनावट) हे शब्द जुगारी, भुरटे चोर आणि शहरी टवाळ मंडळी यांच्या बोलीतून सोळाव्या शतकापासून पुढे क्रमाक्रमाने वर आले. पहिल्या दोन थरांच्या व्युत्पत्तीविषयी फारसा वाद नाही. तो आहे तिसऱ्या थराविषयी.

लाय या क्रियापदात जाणूनबुजून खोटे बोलण्याचा अर्थ मुळापासूनच आहे. ‘आडवे पडणे’ या अर्थाचा लाय हा वेगळ्या धातूपासून आला असून दोहोंचे आजचे उच्चारसाम्य हा योगायोग होय. हेतूचा आरोप त्यात अटळ असल्याने ब्रिटिश संसदेत एका सदस्याने दुसऱ्यास लायर म्हणणे असंसदीय ठरते. १९०६ साली दक्षिण आफ्रिकेतील ट्रान्सव्हालमधील चिनी मजुरांविषयीच्या चर्चेत विन्स्टन चर्चिल यांनी ‘पारिभाषिक अयथार्थता’ अशा अर्थाचा लांबलचक शब्दप्रयोग केला. तो पुढे खोटेपणाचे सभ्य नाव म्हणून प्रसिद्ध झाला, मात्र मूळ संदर्भात त्याचा रोख ‘गुलामगिरी’ हा शब्द त्या मजुरांच्या स्थितीस काटेकोरपणे लागू पडत नाही, एवढाच होता.

चूक या अर्थाच्या शब्दांमागे बहुधा वाट सोडण्याची किंवा वाकडेपणाची कल्पना असते. एररचा मूळ लॅटिन धातू ‘भटकणे’ या अर्थाचा आहे. संस्कृत भ्रम् धातूपासून मराठीत भ्रमण आणि भ्रम हे दोन्ही शब्द आले, त्याच्याशी हे अर्थांतर तंतोतंत जुळते, जरी दोन धातूंचा परस्परसंबंध नाही. राँग म्हणजे मुळात ‘पिळलेले, वाकडे’. मिस्टेक हा प्राचीन नॉर्स या स्कँडिनेव्हियन भाषेतील ‘चुकून भलतेच घेणे’ अशा अर्थाच्या क्रियापदावरून आला. लॅटिनमधून आलेल्या प्रिव्हॅरिकेट या क्रियापदाचा मूळ अर्थ ‘फेंगडे चालणे’ असा असून रोमन कायद्यात प्रतिपक्षाशी आतून संगनमत करणाऱ्या वकिलाच्या वर्तनास ते लावले जाई. आज ते केवळ उडवाउडवीची उत्तरे देण्यापुरते उरले आहे.

चीट या शब्दाची व्युत्पत्ती विशेष विचारार्ह आहे. सर्वसाधारणपणे स्वीकारलेल्या मतानुसार तो एस्चीट या मध्ययुगीन कायदेशीर संज्ञेचे आखूड रूप होय. कूळ निर्वंश मरण पावल्यास किंवा गंभीर गुन्ह्यात दोषी ठरल्यास त्याची जमीन वरिष्ठ जमीनदाराकडे अथवा राजाकडे परत जाई. या परत जाण्यास एस्चीट म्हणत, आणि त्याचा मूळ लॅटिन अर्थ ‘गळून पडणे’ असा आहे. अशा जमिनींची चौकशी करून त्या सरकारजमा करणारा अधिकारी तो एस्चीटर. या अधिकाऱ्यांच्या दांडगाईमुळे त्यांचे पदनामच लुबाडणुकीचे वाचक बनले, असे स्पष्टीकरण पुष्कळदा दिले जाते. मात्र १५५२ च्या सुमारास इंग्लंडमध्ये निघालेल्या, फाशांच्या जुगारातील लबाडी उघड करणाऱ्या एका पुस्तिकेत (तिचे कर्तृत्व गिल्बर्ट वॉकर याच्याकडे दिले जाते, पण ते निश्चित नाही) वेगळी हकीकत आढळते. तिच्यानुसार जुगाऱ्यांनी हा शब्द वकिलांकडून थट्टेने उचलला: बेवारस जनावर किंवा टाकून दिलेली वस्तू जशी जमीनदाराला आपसूक मिळते, तसे भोळे गिऱ्हाईक आपल्या पदरात पडते, असा त्यामागचा भाव. ही नोंद समकालीन असल्याने अधिकाऱ्यांच्या जुलुमाच्या कथेपेक्षा ती अधिक ग्राह्य वाटते. दोन्ही अर्थ काही काळ शेजारी नांदत होते, हे शेक्सपिअरने ‘द मेरी वाइव्ज ऑफ विंडसर’मध्ये फॉल्स्टाफ या पात्राच्या तोंडी घातलेल्या चीटर (फसवणारा, तसेच एस्चीटर) व एक्स्चेकर (राजाचा खजिना) यांवरील श्लेषावरून दिसते. चोरांच्या बोलीत चीट म्हणजे नुसती ‘वस्तू’ असाही एक शब्द त्याच शतकात आढळतो. तो याच शब्दाचे रूप आहे की स्वतंत्र, याविषयी मतभेद आहेत. एस्चीट ही मूळ संज्ञा भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २९६ मध्ये बेवारस मालमत्तेच्या संदर्भात आजही कायम आहे.

होक्स हा अठराव्या शतकाच्या अखेरचा शब्द बहुधा होकस याचा संक्षेप असून तो जादूगाराच्या ‘होकस पोकस’ या मंत्राशी जोडला जातो. हा मंत्र म्हणजे ख्रिस्तप्रसाद विधीतील लॅटिन वाक्याचे विडंबन, हे टिलटसन या इंग्रज धर्मगुरूने सतराव्या शतकात मांडलेले मत लोकप्रिय असले, तरी ते कॅथलिकांविरुद्धच्या प्रॉटेस्टंट वादविवादाचा भाग होते, हे विसरता येत नाही. हम्बग १७५० च्या सुमारास अचानक अवतरतो. त्याचे मूळ अज्ञात आहे. बंकम (पोकळ बडबड) या शब्दाचा उगम मात्र नेमका सांगता येतो: १८२० साली अमेरिकी काँग्रेसमध्ये फेलिक्स वॉकर या नॉर्थ कॅरोलायनाच्या प्रतिनिधीने आपले कंटाळवाणे भाषण बंकम परगण्यासाठी असल्याचे सांगितले, त्यावरून.

भारतीय कायद्यात या शब्दांतील सूक्ष्म भेद महत्त्वाचे ठरतात. १८७२ च्या भारतीय करार अधिनियमात फ्रॉड (कपट), चुकीचे निवेदन व मिस्टेक यांची कलमे निरनिराळी आहेत. कपटाने झालेला करार फसलेल्या पक्षाच्या इच्छेवर रद्द होऊ शकतो, तर आवश्यक वस्तुस्थितीविषयी दोन्ही पक्षांची चूक असल्यास तो मुळातच निरर्थक ठरतो. १८६० च्या भारतीय दंड संहितेतील कलम ४१५ मधील चीटिंग या संज्ञेस अधिकृत मराठी अनुवादात ‘ठकवणूक’ हा प्रतिशब्द योजला आहे; त्याच प्रकरणातील कलम ४२० वरून ‘चारसोबीस’ हे विशेषण बोलीत रुजले. १ जुलै २०२४ पासून या गुन्ह्याची तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये आहे, विशेषण मात्र बदललेले नाही.

‘ठकवणूक’ या प्रतिशब्दाच्या बुडाशी असलेला ठक इंग्रजीतही पोहोचला आहे, पण वेगळ्या अर्थाने. ‘झाकणे, लपवणे’ या अर्थाच्या संस्कृत धातूपासून झालेला ‘स्थग’ म्हणजे फसवा माणूस. त्यावरून हिंदीत ठग आणि मराठीत ठक. ‘ठकास महाठक’ या म्हणीतला ठक चतुर लबाड असतो, मारेकरी नव्हे. वाटसरूंचा विश्वास संपादून त्यांचा गळा आवळणाऱ्या टोळ्यांविरुद्ध विल्यम स्लीमन या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८३० च्या दशकात चालवलेल्या मोहिमेमुळे हिंदी शब्द थग या रूपात इंग्लंडमध्ये सर्वतोमुखी झाला. या टोळ्या खरोखर एकसंध पंथ होत्या की ती बऱ्याच अंशी वसाहती प्रशासनाची मांडणी होती, याबद्दल इतिहासकारांत एकमत नाही. आजच्या इंग्रजीत थग म्हणजे केवळ दांडगा गुंड; त्यात फसवणुकीचा लवलेशही उरलेला नाही.