अवॉर्ड कंपनीवर, वसुली मालकाकडून: एमएसीटीतल्या विमा वकिलाच्या कामाची पार्श्वभूमी

एमएसीटी म्हणजे मोटार अपघाताचे क्लेम ऐकणारं ट्रिब्युनल, आणि अवॉर्ड म्हणजे त्याचा भरपाईचा निकाल. तिथे विमा कंपनीकडून उभा राहणारा पॅनल वकील, म्हणजे कंपनीच्या यादीवरचा वकील, आज जे काही करतो त्यातलं निम्मं 2004 च्या एका निकालामुळे करतो, त्यामुळे मागचं पटकन उरकूया. 1939 च्या मोटार वाहन कायद्यातली थर्ड पार्टी विम्याची सक्ती प्रत्यक्षात 1946 च्या जुलैपासून आली, ट्रिब्युनल 1956 च्या दुरुस्तीने आले, 1973 ला जनरल इन्शुरन्सचं राष्ट्रीयीकरण झालं आणि मग कितीतरी वर्षं कंपनीचा वकील म्हणजे सरकारी कंपनीचाच वकील. 1988 चा कायदा 1 जुलै 1989 पासून लागू झाला, खरी गोष्ट तिथून सुरू होते.

या कायद्याच्या कलम 149(2) मध्ये (एप्रिल 2022 पासून ते कलम 150(2) झालं) कंपनीला मोजकेच बचाव दिलेत. लायसन्स नव्हतं, परमिटच्या बाहेर गाडी वापरली, असे. ड्रायव्हरची चूक किती, मयताचा पगार खरंच तेवढा होता का, हे विचारायचं तर मालक गैरहजर आहे किंवा अर्जदाराला सामील आहे असं दाखवून कलम 170 खाली परवानगी घ्यायची. मालक बहुतेक वेळा येतच नाही, पॉलिसी आहे ना, मग कंपनी बघेल, असं त्याचं गणित.

म्हणून सगळा जोर लायसन्सवर. आरटीओतून लायसन्सच्या नोंदीचा एक्स्ट्रॅक्ट, म्हणजे उतारा, काढायचा, तिथल्या क्लार्कला साक्षीला बोलवायचं, लायसन्स बोगस निघालं की कंपनी सुटली, असं साधारण चालायचं. जानेवारी 2004 मध्ये सुप्रीम कोर्टाच्या तीन जजच्या बेंचने हे मोडलं. नुसतं लायसन्स बोगस असून भागत नाही, मालकाने काळजी घेतली नाही हे कंपनीने सिद्ध करायचं, तो दोष अपघाताला कारणीभूत होता का तेही बघायचं, आणि एवढं सगळं सिद्ध झालं तरी ट्रिब्युनल म्हणू शकतं की आधी थर्ड पार्टीला पैसे द्या आणि मग मालकाकडून वसूल करा. हेच ते पे अँड रिकव्हर.

अर्जदाराच्या बाजूने बघितलं तर यात चूक काढणं अवघड आहे, विधवा बाईने टेम्पोमालकाच्या मागे कुठे फिरायचं? पण वकिलाच्या फाईलमध्ये याचा अर्थ असा की केस जिंकली तरी चेक कंपनीचाच जातो. वसुलीसाठी वेगळा दावा लावायची गरज नाही, त्याच ट्रिब्युनलमध्ये दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज, टाका, गाडी जप्त करून घ्या, असं 2004 मध्येच स्पष्ट झालं. प्रत्यक्षात तोपर्यंत गाडी विकलेली असते किंवा भंगारात गेलेली असते, आणि मालकाच्या नावावर दोन गुंठे पण सापडत नाहीत. माझ्या मते या निकालाचा हिशोब कोणी नीट मांडलेलाच नाही, कंपनीकडे पैसा आहे एवढ्यावर सगळे थांबतात.

लग्नाचं वऱ्हाड नेणाऱ्या टेम्पोचा गोंधळ यातलाच. मालवाहू गाडीत बसलेले लोक कव्हर होतात असं 1999 साली ठरलं, 2002 च्या डिसेंबरमध्ये मोठ्या बेंचने ते उलटवलं. पण मालाचा मालक किंवा त्याचा माणूस सोबत असेल तर तो 1994 च्या दुरुस्तीपासून कव्हर आहेच. त्यामुळे उलटतपासात अजून तेच प्रश्न, क्रेट किती होते, कुठल्या मार्केट यार्डला चालला होता, माल विकल्याची पट्टी आहे का, आणि पंचनाम्यात टोमॅटोचा उल्लेख का नाही.

2017 चं वर्ष या कामाला जड गेलं. जुलैमध्ये ठरलं की हलक्या गाडीच्या लायसन्सवर त्याच वर्गातली व्यावसायिक गाडी चालवता येते, म्हणजे कंपन्यांचा सर्वात आवडता बचाव गेला, आणि ऑक्टोबरच्या शेवटी पाच जजच्या बेंचने भविष्यातल्या पगारवाढीची टक्केवारी बांधून दिली, सोबत इस्टेटच्या नुकसानीचे 15 हजार, सहवासाचे 40 हजार, अंत्यविधीचे 15 हजार आणि दर तीन वर्षांनी त्यात 10 टक्के वाढ. गुणकाचा, म्हणजे वयानुसार वार्षिक उत्पन्नाला कितीने गुणायचं याचा, तक्ता 2009 पासून होताच. आता रकमेवर भांडायला उरतं ते फक्त उत्पन्न आणि वय.

लायसन्सचा मुद्दा कंपन्यांनी सोडला नाही, तो पाच जजकडे गेला आणि 6 नोव्हेंबर 2024 ला तिथेही हरले. 7500 किलोपर्यंतच्या व्यावसायिक गाडीसाठी लायसन्सवर वेगळा शेरा लागत नाही. धोकादायक माल नेणाऱ्या गाड्यांची जादा पात्रता मात्र शाबूत आहे, त्यामुळे टँकरचा क्लेम आला की पहिला अर्ज अजूनही आरटीओलाच जातो.