गॅस, बफर आणि धक्का: एआर-१५ च्या ट्यूनिंगची पार्श्वभूमी

ॲडजस्टेबल गॅस ब्लॉक (गॅसचे प्रमाण कमी-जास्त करणारा), जड बफर (मागे येणारा कॅरियर झेलणारे वजन), हलका बोल्ट कॅरियर (नळीचे मागचे टोक बंद करणारा बोल्ट वाहून नेणारा सरकता भाग) हे भाग आज सहज मिळतात आणि नेमबाज ते एकामागून एक बदलत राहतात. पण एआर-१५ जातीची रायफल खांद्यावर कडक का लागते आणि मधेच का अडकते, याचे मूळ बहुतेकदा एकाच ठिकाणी असते: गोळी पुढे निघून जात असताना नळीतल्या गॅस पोर्टवर (ज्या छिद्रातून थोडा गॅस मागे जाऊन कॅरियर ढकलतो) किती दाब असतो आणि तो किती वेळ टिकतो.

अडचण या रायफलपेक्षा जुनी आहे. १९३६ साली अमेरिकी लष्करी सेवेत आलेल्या एम१ रायफलमध्ये आधी गॅस नळीच्या तोंडाशी पकडत. पुढे नळीलाच छिद्र पाडले. सावकाश जळणाऱ्या पावडरने तिचा लांब ऑपरेटिंग रॉड वाकण्याचा धोका आजही असतो. बेल्जियन एफएएल रायफलने गॅसचे प्रमाण बदलणारा रेग्युलेटर थेट वापरणाऱ्याच्या हातात दिला. अमेरिकेच्याच एम१४ मध्ये पिस्टन थोडा मागे सरकला की छिद्र आपोआप बंद होते. एआर-१५ च्या मूळ रचनेत यापैकी काहीच नव्हते. २० इंची नळी, ठरलेले छिद्र, ठरलेला बफर. बाकी सगळी भिस्त काडतुसावर.

अमेरिकी लष्कराने ही रायफल एम१६ म्हणून घेतली आणि नेमके काडतूसच बदलले. मूळ पावडर दांडीच्या आकाराच्या दाण्यांची होती. ठरवून दिलेला वेग गाठायचा आणि चेंबरमधला (काडतूस बसते त्या पोकळीतला) दाबही मर्यादेत ठेवायचा, हे तिच्या प्रत्येक लॉटला जमत नव्हते. म्हणून १९६४ मध्ये गोल दाण्यांच्या बॉल पावडरला मंजुरी मिळाली. कागदावर निर्णय बिनतोड होता: वेग तोच, चेंबरचा सर्वोच्च दाब मर्यादेत. पण सर्वोच्च दाब हा दाबाच्या आलेखावरचा एक बिंदू असतो. बॉल पावडरचा आलेख पुढच्या भागात चढा राहिला, पोर्टवर जास्त दाब पोहोचला आणि कॅरियर जोरात मागे येऊ लागला. गोळीबाराचा दर ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला. पुंगळी चेंबरच्या भिंतीला चिकटलेली असतानाच बोल्ट उघडू लागला. पुंगळी ओढणारा एक्स्ट्रॅक्टर तिची कड फाडून निघून जाई आणि पुंगळी आतच राही. त्यातच पावडरमधल्या कॅल्शियम कार्बोनेटची पुटे गॅस ट्यूबमध्ये साचू लागली.

सर्वात खटकणारी गोष्ट पुढची. कारखान्यातली स्वीकृती चाचणी वेगळ्या पावडरवर घेण्याची मुभा दिली गेली, आणि सैनिकांच्या हाती मात्र बॉल पावडरची काडतुसे गेली. अमेरिकी काँग्रेसच्या १९६७ च्या चौकशीत ठपका मुख्यतः पावडर बदलण्यावर आला. क्रोम नसलेले गंजके चेंबर आणि साफसफाईच्या साहित्याचा तुटवडा हीच खरी कारणे, असे मानणारे आजही आहेत. गंजाचा वाटा मोठा होता, यात वाद नाही. तरीही गंजलेल्या चेंबरमधून पुंगळी वेळेआधी ओढली गेली, तर दोष एकट्या गंजाचा कसा? उपाय मात्र यंत्राच्या दुसऱ्या टोकाला झाला: १९६६ च्या सुमारास आत सरकती वजने असलेला जड बफर आला. दर उतरला, बोल्टची उसळी कमी झाली. जास्त गॅस दिसला की आधी बफर जड करायचा, ही सवय तिथून रुजली.

कार्बाइनने, म्हणजे याच रायफलच्या आखूड रूपाने, दुखणे वाढवले. तिचे छिद्र रायफलपेक्षा पाच इंचांहून अधिक चेंबरकडे असते, जिथे दाब खूपच जास्त. शिवाय नागरी बाजारातल्या १६ इंची नळीत छिद्रापुढे बरीच लांबी उरते, म्हणून गॅस जास्त वेळ ढकलत राहतो. कमकुवत काडतुसेही चालावीत म्हणून बरेच उत्पादक छिद्र मोठेच ठेवतात. छिद्र दोन इंच पुढे सरकवलेली मिडलेंग्थ रचना हे त्यावरचे सर्वात समंजस उत्तर. कार्बाइन बफरमध्ये तीन स्टीलची वजने असतात, एकूण सुमारे ८५ ग्रॅम. एकेक टंगस्टनचे केले की एच (सुमारे १०८), एच२ (१३०) आणि एच३ (१५५) तयार होतो.

ट्यूनिंगने एकूण धक्का कमी होत नाही. गोळी आणि वायूचा संवेग तेवढाच राहतो. कमी होतो तो कॅरियर आणि बफर मागे आपटल्याचा दणका आणि परत पुढे आदळताना नळीचे खाली झुकणे. म्हणून क्रम असा: गॅस ब्लॉकचे छिद्र नळीच्या छिद्राशी जुळले आहे का आणि कॅरियरवरच्या गॅस कीचे (जिच्यात गॅस ट्यूब शिरते) स्क्रू घट्ट आहेत का, ते बघा. रिकामे मॅगझिन लावून हाताने बोल्ट ओढा. तो अडून राहत नसेल तर दोष मॅगझिन किंवा बोल्ट कॅचचा (मॅगझिन संपल्यावर बोल्ट मागे धरणाऱ्या खटक्याचा). मग ॲडजस्टेबल ब्लॉकच्या स्क्रूने गॅस बंद करून मॅगझिनमध्ये एकच काडतूस भरून झाडा, आणि बोल्ट मागे अडेपर्यंत दर वेळी एकेक क्लिक उघडा. सलग काही वेळा अडला की आणखी एक-दोन क्लिक द्या. शेवटची खात्री सर्वात कमकुवत काडतुसांवर, मळलेल्या आणि थंड रायफलवर करा. हलका कॅरियर गॅस कमी केल्यावरच बसवा. आधी बसवला तर तो आणखी वेगाने मागे येतो.

लक्षणे फसवी असतात. बोल्टने पुढचे काडतूस उचललेच नाही, तर गॅस कमी पडून तो पुरेसा मागे आला नसेल, किंवा इतक्या वेगाने परतला असेल की मॅगझिनच्या स्प्रिंगला काडतूस वर आणायला वेळ मिळाला नाही. फाटलेली किंवा ओरखडलेली कड, जोरात पुढे उडणाऱ्या पुंगळ्या म्हणजे गॅस जास्त. उजवीकडे मागे हळू पडणाऱ्या म्हणजे कमी. पण पुंगळी वळवणारा डिफ्लेक्टर आणि तिला बाहेर फेकणारी इजेक्टर स्प्रिंगही ही दिशा बदलतात, त्यामुळे एकट्या त्यावर निर्णय नको. आवाज कमी करणारा सप्रेसर लावला तर नळीतला दाब उतरायला वेळ लागतो, म्हणून त्याची जुळणी वेगळी करून क्लिक लिहून ठेवा. ब्लॉकचा स्क्रू कार्बनने जाम होतो. दर साफसफाईत क्लिक मोजून तो पूर्ण फिरवा आणि पुन्हा त्याच जागी आणा. नळीचे छिद्र मोठे करणे सर्वात शेवटी, कारण ते पुन्हा लहान होत नाही.